बालगृहांतील सेवकवर्ग आणि मुलांच्या मनावरील आघात

अनाथ व निराधार बालकांची सेवा ही ख्रिस्तसभेची जुनी परंपरा आहे. मुंबई, वसई, पुणे, गोवा या परिसरात धर्मभगिनींनी व धर्मगुरूंनी चालविलेल्या बालगृहांतून हजारो मुले लहानाची मोठी झाली. या सेवेचे मोल कमी न करता आज एक प्रश्न विचारणे अगत्याचे झाले आहे. पोटभर अन्न, स्वच्छ अंथरूण आणि शाळा एवढे दिल्यानंतरही ज्या मुलाचे मन घायाळच राहते, त्याच्यासाठी आपल्या संस्थांतील सेवकवर्ग कितपत सिद्ध आहे?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेली पाहणी आजही अस्वस्थ करते. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. या मुलांमध्ये घरी राहणारी, शाळेत जाणारी, काम करणारी, रस्त्यावर राहणारी व संस्थांमध्ये वाढणारी अशी सर्वच होती. बालकल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात येणारे मूल तर बहुधा मृत्यू, मारहाण, परित्याग किंवा अत्याचार यांपैकी काही ना काही पाहूनच आलेले असते.

असे मूल उशीखाली पोळी लपवून ठेवते. दहाव्या वर्षीही अंथरूण ओले करते. कोणी आवाज चढवला की थिजून जाते, नाहीतर अंगावर धावून येते. संकटाची सवय झालेले शरीर सुरक्षित जागीही सावधच राहते, हे मानसशास्त्राने आता स्पष्ट केले आहे. आघाताची जाण ठेवून संगोपन करणे याचा साधा अर्थ असा की, ‘हे मूल असे का वागते?’ या चिडक्या प्रश्नाऐवजी ‘या मुलावर काय ओढवले असेल?’ असा प्रश्न मनात यावा. पोळी लपविणाऱ्या मुलाची झडती घेण्यापेक्षा रात्री भूक लागल्यास खायला मिळेल अशी सोय करणे, हे त्या जाणिवेचे प्रत्यक्ष रूप.

कायदाही याच दिशेने गेला आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अन्वये प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक संगोपन आराखडा अपेक्षित आहे. सहा वर्षांवरील मुले असलेल्या संस्थेत मुलांची समिती असावी लागते. कलम ८२ नुसार संस्थेत शारीरिक शिक्षा देणारा कर्मचारी पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंडास पात्र ठरतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा ‘संवाद’ हा उपक्रम बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देतो.

मग उणीव कुठे राहते? आमच्या मते ती प्रशिक्षणानंतरच्या दिवसांत राहते. दोन दिवसांच्या शिबिरात गृहमाता सर्व काही मनापासून ऐकते. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा एकटीच तीसचाळीस मुलांपुढे उभी असते. रात्री कोणी किंचाळत उठले तर जागरण तिचेच, आणि पहाटे डबे भरण्याचे कामही तिचेच. मुलांच्या कहाण्या ऐकून तिच्याही मनावर ओरखडे उठतात, पण तिचे ऐकून घेण्यास कोणी नसते. वेतन तुटपुंजे आणि नेमणूक कंत्राटी. त्यामुळे मुलाने जिच्यावर विश्वास टाकावा ती व्यक्ती वर्षभरात निघून जाते. आधीच सोडून दिल्या गेलेल्या मुलाला हा दुसरा परित्याग वाटला, तर नवल नाही.

म्हणून निष्ठेचे नूतनीकरण शपथविधीने होणार नाही. मुलांमागे माणसे वाढवावी लागतील, साप्ताहिक सुट्टी खरोखर द्यावी लागेल, आणि अनुभवी समुपदेशकाने सेवकवर्गाचेही नियमितपणे ऐकून घ्यावे लागेल. संत जॉन बॉस्को यांनी एकोणिसाव्या शतकात तुरीन शहरात दडपशाहीच्या जागी प्रतिबंधक शिक्षणपद्धती रुजविली. शिक्षकाने सतत मुलांमध्ये वावरावे, हा तिचा गाभा होता. थकून गेलेल्या माणसाला असे वावरणे जमत नाही.

आणि दक्षता सैल पडली तर काय होते, हे मुजफ्फरपूरने दाखविले. २०१८ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून तेथील मुलींच्या निवाऱ्यातील अत्याचार उघडकीस आले. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. ख्रिस्तसभेनेही स्वतःला या कसोटीतून वगळलेले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आज्ञापत्राने अत्याचाराची तक्रार वरिष्ठांकडे नोंदविणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. तथापि तक्रारपेटी भिंतीवर टांगली म्हणून मूल बोलते असे नाही. ते एखाद्या ओळखीच्या, न रागावणाऱ्या माणसाशीच बोलते.

येथे आपण श्रद्धावंतही येतो. वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन जाणे आणि मुलांसोबत छायाचित्रे काढून ती सर्वत्र पाठविणे हा अलीकडे जणू रिवाजच झाला आहे. अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते. शिवाय दर रविवारी नव्या अनोळखी पाहुण्यांपुढे गाणे म्हणून दाखविण्याने त्या मुलांना काय मिळते, हे कोणी विचारत नाही. एखाद्या धर्मग्रामाने वर्षभराच्या अशा जेवणावळींचा खर्च एकत्र करून रात्रपाळीच्या एका जादा काळजीवाहिकेचे वेतन उचलावे काय? उत्तर ठरविण्यापूर्वी जवळच्या बालगृहाच्या अधीक्षिकांना भेटून त्यांना या दोहोंपैकी काय हवे आहे, ते विचारून पाहावे.