छेदात कोण कोण आहे?

हॉस्टेलमध्ये ‘फ्रेंड्स’ न पाहिलेला प्राणी शोधून सापडणार नाही. फर्स्ट इयरला इंग्रजी सुधारावं म्हणून बघायला घेतात आणि बी.ई.ला येईपर्यंत डायलॉग पाठ होतात, इंग्रजी आहे तिथेच राहतं! पण ‘फ्रेंड्स’च्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९९३ मध्ये, अमेरिकेत ‘लिव्हिंग सिंगल’ नावाची एक मालिका सुरू झाली होती हे किती जणांना ठाऊक आहे? सहा दोस्त, न्यूयॉर्क शहर, एकमेकांच्या घरात सदैव ये-जा, नोकऱ्यांची भानगड, प्रेमाची भानगड... ओळखीचं वाटतंय ना? फरक इतकाच की हे सहाही जण काळे होते आणि ब्रुकलिनमध्ये राहत होते. त्यातली खदिजा स्वतःचं मासिक चालवते आणि तिची मैत्रीण मॅक्सिन शॉ ही तिखट जिभेची वकील. दोन्ही मालिका वॉर्नर ब्रदर्सच्याच. एक जगभर गेली, दुसरी पाच वर्षं चालून १९९८ मध्ये बंद झाली. पुढे वकिलीत किंवा राजकारणात गेलेल्या कितीतरी काळ्या बायकांनी सांगितलंय की मॅक्सिनला टीव्हीवर बघून आपणही त्या वाटेला लागलो.

(‘कृष्णवर्णीय’ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाहीये. तो अग्रलेखात बरा दिसतो. आपल्याकडे ‘काळी’ म्हटलं की लग्नाच्या बाजारात भाव उतरतो, तिकडच्या लोकांनी मात्र तोच शब्द उचलून अभिमानाचा केलाय. तेव्हा काळी म्हणजे काळीच.)

मला त्या मालिकेची गंमत वाटते ती अशी की ‘सिंगल’ हा शब्द तिच्या नावातच आहे आणि तरीही तो रडगाण्याचा विषय नाही. या बायका कमावतात, भांडतात, प्रेमात पडतात, नाही पडत. पण पंधरा-सोळा वर्षांनी याच बायकांचं अमेरिकेच्या टीव्हीवर काय झालं बघा. २००९ च्या सुमारास एकदम लाट आली. यशस्वी काळ्या बाईला नवरा का मिळत नाही, या एका प्रश्नावर बातम्यांचे कार्यक्रम, चर्चा, पुस्तकं. एक विनोदी नट या बायकांना पुरुष कसा पटवावा हे शिकवणारं पुस्तक लिहितो आणि ते धडाक्यात खपतं. आणि सगळीकडे एकच आकडा, ४२ टक्के. अमेरिकेतल्या ४२ टक्के काळ्या बायकांचं कधीच लग्न झालेलं नाही, गोऱ्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट! आता याला काय म्हणणार?

म्हणणार हेच की छेद कुठला घेतला ते आधी दाखवा. आपल्याला लॅबमध्ये एक रीडिंग चुकलं तर सर जर्नल परत देतात, इथे तर अख्ख्या देशाने जर्नल न तपासता सही केली. त्या ४२ टक्क्यांच्या छेदात १८ वर्षांच्या मुलीसुद्धा होत्या. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या, मेसच्या रांगेत ताट धरून उभ्या असलेल्या. अमेरिकेत त्या काळी मुलींचं पहिलं लग्न सव्विशीच्या आसपास व्हायचं. मग अठरा-वीस वर्षांच्या पोरींना ‘कधीच लग्न न झालेल्या’ या खात्यात टाकून गळा काढायचा याला काय अर्थ आहे? शिवाय अमेरिकेतली काळी लोकसंख्या गोऱ्यांपेक्षा वयाने तरुण आहे, म्हणजे अशा मुलींचा वाटा तिच्यात आधीच जास्त. आयव्होरी टोल्डसन आणि ब्रायंट मार्क्स या दोन संशोधकांनी पुढे हीच आकडेवारी वयाप्रमाणे फोडून दाखवली. पस्तिशी ओलांडलेल्या काळ्या बायकांमध्ये बहुसंख्य अशाच निघाल्या की ज्यांचं कधी ना कधी लग्न झालं होतं. आणि त्याहून मजा म्हणजे शिकलेल्या काळ्या बायकांची लग्नं कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त होतात. ‘जास्त शिकली म्हणून राहिली’ हे वाक्य तिथेही चुकीचंच.

आता कोणी म्हणेल, तू आकड्यांचा खेळ करून प्रश्नच गायब करतेयस. तर तसं नाही. वयाचा हिशेब नीट केला तरी काळ्या आणि गोऱ्या बायकांमध्ये फरक उरतोच. पण त्याची कारणं त्या बायकांच्या ‘अॅटिट्यूड’मध्ये शोधायची की इतरत्र, हा वाद आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साधारण ३ लाख लोक तुरुंगात होते, २००८ पर्यंत तो आकडा २० लाखांच्या वर गेला. त्यात काळ्या पुरुषांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. काळ्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पदव्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मुलींना मिळतात. मुलं कुठे गेली हा प्रश्न शाळांना, पोलिसांना, न्यायालयांना विचारायचा सोडून तो मुलीलाच विचारायचा की बाई गं, तू इतकी का शिकलीस?

हा प्रकार जुनाच आहे. १९६५ मध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन या अधिकाऱ्याने काळ्या कुटुंबांवर सरकारी अहवाल लिहिला. बेकारी, गुलामगिरीचे परिणाम हे सगळं त्यात होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की काळ्यांच्या घरात बायकांचं राज्य आहे आणि त्यामुळे सगळं बिघडलंय. आता योगायोग बघा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सरकारी चाळीत एक पनामाहून आलेली बाई लोकांचे कपडे इस्त्री करून, दुसऱ्यांची मुलं सांभाळून एकटीने तीन मुलं वाढवत होती. त्यातली एक मुलगी, अर्सुला बर्न्स, मेकॅनिकल इंजिनिअर झाली (मेकॅनिकलच्या पोरींनो, ऐका!), १९८० मध्ये झेरॉक्समध्ये इंटर्न म्हणून लागली आणि २००९ मध्ये त्याच कंपनीची सीईओ झाली. अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या ‘फॉर्च्यून’ यादीत सीईओ झालेली पहिली काळी बाई. २०१६ मध्ये तिने पद सोडलं, आणि त्या यादीत पुढची काळी बाई कायमची सीईओ म्हणून यायला २०२१ उजाडावं लागलं. मधली चार वर्षं पाटी कोरी. मला विचाराल तर चर्चा करायची तर या कोऱ्या पाटीची करावी.

एकटेपणाचा टोमणा मोठ्या पदावर गेल्यावर तरी सुटतो का? कॉंडोलीझा राईस बघा. जन्म बर्मिंगहॅम, अलाबामा, १९५४. १९६३ मध्ये तिथल्या चर्चमध्ये गोऱ्या माथेफिरूंनी बॉम्ब ठेवला, चार मुली मेल्या, त्यातली एक हिची लहानपणची मैत्रीण. ३८ व्या वर्षी स्टॅनफर्डची प्रोव्होस्ट, २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री. इराक युद्धाच्या बाबतीत तिने जे केलं ते मला अजिबात पटलेलं नाही आणि त्यावर तिला फाडून खायला हरकत नव्हती. पण जानेवारी २००७ मध्ये सिनेटच्या सुनावणीत बार्बरा बॉक्सर या सिनेटर बाईंनी मुद्दा काय काढावा? की युद्धाची किंमत कोण मोजतंय, माझी मुलं लष्कराच्या वयाची नाहीत आणि तुम्हाला तर जवळचं कुटुंबच नाही. बॉक्सर बाई स्त्री-हक्कांच्या बाजूने बोलणाऱ्या, डाव्या विचारांच्या. तरी हातात सापडला तो हाच दगड! आपण तिथे असतो तर आपल्यालाही हाच सापडला असता का, असं मला वाटून गेलं.

आता पैशाचं बघू. एकटी बाई, स्वतःची कमाई, स्वतःचं घर, हे चित्र आज फार सहज वाटतं. पण अमेरिकेत १९७४ पर्यंत बँक एकट्या बाईला खुशाल विचारू शकत होती की कर्जावर सही करायला पुरुष कोण आहे? त्या वर्षी कायदा झाला आणि लिंगावरून किंवा लग्न झालंय-नाही झालंय यावरून कर्ज नाकारायला बंदी आली. रंगावरून नाकारायची बंदी त्याच कायद्यात आली १९७६ मध्ये. म्हणजे ही दोन वर्षं एकट्या काळ्या बाईला बँक कायद्याच्या एका कलमाने ‘या’ म्हणत होती आणि दुसरं कलम अजून लिहिलंच नव्हतं.

याच १९७६ सालचा एक खटला आहे, तो मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त शिकवून गेला. जनरल मोटर्सच्या सेंट लुईसच्या कारखान्यातल्या पाच काळ्या बायका कोर्टात गेल्या. १९६४ च्या आधी कंपनीने तिथे काळ्या बायका घेतल्याच नव्हत्या. पुढे मंदी आली, ‘जो शेवटी लागला तो आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका घरी गेल्या. कोर्ट काय म्हणालं? कंपनीने बायका घेतलेल्या आहेत (त्या गोऱ्या होत्या), म्हणजे स्त्री म्हणून अन्याय नाही. रंगाची तक्रार असेल तर काळ्या कामगारांचा दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही एकत्र करून नवीन वर्ग बनवता येणार नाही! सॉफ्टवेअर टेस्टिंगचं लेक्चर आठवा. मॉड्यूल एक, पास. मॉड्यूल दोन, पास. जोडलं की सिस्टीम कोसळते, आणि टेस्टर म्हणतो माझ्याकडे तर दोन्ही चालतंय. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये हाच खटला घेऊन लेख लिहिला आणि चौकाची उपमा दिली. चौकात उभ्या माणसाला धडक कुठल्याही रस्त्याने येऊन बसू शकते. त्या लेखातला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द आता इतका गुळगुळीत झालाय की सेमिनारमध्ये कोणीही फेकतो. पण त्याच्या मागे पाच कामगार बायकांची गेलेली नोकरी आहे.

आजही पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या काळ्या बाईला गोऱ्या पुरुषाच्या डॉलरमागे साधारण ६५ ते ७० सेंट मिळतात. आणि केसांचं तर सांगूच नये. आपले जन्मजात कुरळे केस वेण्या घालून ऑफिसला नेले म्हणून कामावरून त्रास होऊ नये, यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियाने तो पहिल्यांदा केला २०१९ मध्ये. आपल्याकडे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री लेडीज हॉस्टेलमध्ये इस्त्रीसाठी रांग लागते ती कपड्यांच्या. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या केसांच्या लागल्या.

‘पण आपल्याला काय करायचंय तिकडचं?’ हा प्रश्न आमच्या संपादक मंडळातही आला. त्याला उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच पुण्यातून गेलंय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ना टीव्ही, ना इंटरनेट, तरी त्यांना तिकडचं आपलं वाटलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावसुद्धा तिकडून आलं. आपल्या ग्रंथालयात या लेखनाचं एक कपाट आहे, त्याच्यावरची धूळ मात्र अस्सल देशी आहे.

एका गोष्टीचा मला राग येतो, तो सांगून टाकते. या बायकांचं कौतुक करतानासुद्धा ‘किती खंबीर!’ असं म्हणायची पद्धत आहे. खंबीर म्हटलं की मदत करायची जबाबदारी संपते. स्टेसी एब्रम्सचं उदाहरण घ्या. अविवाहित, येलची वकील, जॉर्जियाच्या विधानसभेत विरोधी पक्षनेती, २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी मोठ्या पक्षाचं तिकीट मिळालेली अमेरिकेतली पहिली काळी बाई. त्या वर्षी तिने उघडपणे लिहिलं की माझ्या डोक्यावर दोन लाख डॉलरच्या वर कर्ज आहे. शिक्षणाचं कर्ज, क्रेडिट कार्ड, थकलेला कर. आणि त्यातला बराच भार आई-वडिलांना आणि ते सांभाळत असलेल्या नातीला आधार द्यायला आलेला. घरात पहिल्यांदा बरा पगार आणणाऱ्या माणसाचा पगार कसा वाटला जातो हे या हॉस्टेलमधल्या निम्म्या मुला-मुलींना समजावून सांगायची गरज नाही. विरोधकांनी अर्थातच तेच कर्ज तिच्या अंगावर फेकलं.

याच बाईने सेलिना माँटगोमेरी या नावाने प्रेमकथाही लिहिल्या आहेत. पहिली कादंबरी २००१ ची. तिला खरं तर काळ्या नायिकेची हेरकथा लिहायची होती, पण तसलं कोणी वाचणार नाही असं सांगण्यात आलं. मग तिने आपल्या हेरांना प्रेमात पाडलं आणि पुस्तक छापून आलं. २०२२ मध्ये तेच पुस्तक पुन्हा निघालं, तेव्हा मुखपृष्ठावर तिचं खरं नाव होतं.