इशारा फायलीत, स्फोट घाटावर

पास काढून काशीयात्रा केलेल्या आपल्या कामगार बंधूंना अहिल्याबाई घाटाची ओळख करून द्यायला नको. होळकरांच्या त्या थोर राणीच्या नावाच्या पायऱ्यांवर बसले की मराठी माणसाला परमुलखातही घरचे वाटते. शेजारीच शीतला घाट आणि दशाश्वमेध घाट. संध्याकाळच्या गंगा आरतीला येथे मुंगीलाही वाट मिळत नाही.

7 डिसेंबर 2010 रोजी आरती चालू असतानाच शीतला घाटावर बॉम्बस्फोट झाला. एक चिमुकली मुलगी प्राणास मुकली, तीसहून अधिक माणसे जखमी झाली. लगेच केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम यांनी सांगितले की, या घाटांना धोका असल्याची सूचना केंद्राने फेब्रुवारीतच राज्याला दिली होती. मायावतींच्या राज्य सरकारने दोष केंद्रावर उलटवला. त्यांचा वाद त्यांनी मिटवावा. आपला प्रश्न साधा आहे. त्या दहा महिन्यांत घाटावरच्या नावाड्याला, फुलवालीला, स्टेशनवरच्या हमालाला कोणी विश्वासात घेतले होते काय? याच शहराच्या कँट स्टेशनवर मार्च 2006 मध्ये स्फोट झाला होता, हे विसरता येत नाही.

तो बॉम्ब साधा होता. परंतु राज्यकर्ते ज्याचे नाव घेऊन आपल्याला घाबरवतात, तो 'डर्टी बॉम्ब' म्हणजे तरी काय? साध्या स्फोटकाला किरणोत्सारी पदार्थ जोडलेला बॉम्ब. तो अणुबॉम्ब नव्हे. त्यात माणसे मरतात ती बहुधा स्फोटाने आणि चेंगराचेंगरीने. पसरलेल्या धुळीपासून वाचण्याचे उपाय साधे आहेत: पक्क्या इमारतीत जाणे, दारे-खिडक्या लावणे, वरचे कपडे काढून पिशवीत बांधणे, साबणाने अंग धुणे, उघड्यावरचे अन्न न खाणे. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. तरी भाषणांतून ऐकू येतात दोनच वाक्ये: 'शत्रू टपलेला आहे' किंवा 'घाबरण्याचे कारण नाही'. पहिल्याने माणूस धास्तावतो, दुसऱ्याने गाफील होतो. काय करायचे, ते दोन्हींतून कळत नाही.

2010 सालचेच दुसरे उदाहरण पाहा. एप्रिलमध्ये अणुदहशतवाद रोखण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये जगातील नेत्यांची परिषद भरली. आपले पंतप्रधानही गेले होते. त्याच दिवसांत दिल्लीच्या मायापुरीत भंगार फोडणारे कामगार किरणोत्सर्गाने आजारी पडून रुग्णालयात होते. दिल्ली विद्यापीठाने अनेक वर्षे पडून असलेले एक यंत्र फेब्रुवारीत लिलावात विकले होते. त्यात कोबाल्ट-60 होते. एका व्यापाऱ्याने तर त्याचा तुकडा पाकिटात ठेवला. एक कामगार दगावला. तेथे दहशतवादी कोणी नव्हता. होती ती बेफिकिरी, आणि धोक्याची खूण न ओळखणारे गरीब हात.

असेच 1987 साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात घडले. भंगारातून आलेल्या सीझियमने चार माणसे मेली. किरणोत्सारी पदार्थाची लागण आढळली 249 जणांना, पण तपासणीसाठी रांग लागली एक लाखाहून अधिक लोकांची. वेळेवर खरी माहिती नसली की भीती अशी पसरते.

टपाल कामगारांनी तर 2001 सालचे वॉशिंग्टन लक्षात ठेवावे. तेथे विषय अँथ्रॅक्सच्या जंतूंचा होता, पण धडा तोच. जंतू भरलेले पाकीट 15 ऑक्टोबरला एका सिनेटरच्या कचेरीत उघडले गेले. तेथील कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, औषधे ताबडतोब मिळाली. ते पाकीट ज्या टपाल केंद्रातून गेले, तेथील कामगारांना मात्र 'धोका नाही' असे सांगून कामावर ठेवले. केंद्र बंद झाले 21 तारखेला. दोन टपाल कामगार मृत्युमुखी पडले.

पार्सल प्रथम उचलतो तो आपण. बेवारस पेटी प्रथम पाहतो तो गँगमन, हमाल, सफाई कामगार, सॉर्टर. म्हणून खरी माहितीही प्रथम आपल्यालाच मिळाली पाहिजे. किरणोत्सर्गाच्या तीन पात्यांच्या चिन्हाचा फलक प्रत्येक पार्सल ऑफिसात आणि सॉर्टिंग कचेरीत मराठीतून लागला पाहिजे. वर्षातून एकदा सराव झाला पाहिजे, तोही ड्यूटीच्या वेळेत. संशयित वस्तूपासून दूर राहणाऱ्या कामगारावर कामचुकारपणाचा ठपका येता कामा नये. आणि संकट आलेच, तर मंत्र्याने आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही, आणि लोकांनी काय करावे, हे त्याच दिवशी सरळ सांगावे.

यासाठी कोट्यवधींचा खर्च नाही. आपापल्या शाखेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या, आणि साहेबांकडून उत्तर लेखी मागा.