जमीन पाहावी वैशाखात



गौरी-गणपती आटोपले आणि दुसऱ्याच दिवशी मुरूड तालुक्यातले एक जोडपे माझ्याकडे आले. मुलगा मुंबईची नोकरी सोडून येणार, त्याच्या फंडाच्या पैशांत डोंगराकडची दीड एकर वरकस घ्यायची. विजेचा खांब लांब, नळ नाही. पण सोलर बसवू, विहीर खणू, घरचे पिकवून खाऊ. "साहेब, जमीन कशी हिरवीगार आहे!" बुवा म्हणाले. बाई गप्प होत्या. उठताना हळूच म्हणाल्या, "पण चैत्रात पाणी कुठनं आणायचं?"

मंडळी, भाद्रपदात कातळसुद्धा हिरवा दिसतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सारा चार महिन्यांत, आणि जांभ्यातून तो भराभर निघून जातो. म्हणून जमीन पाहायची ती वैशाखात. जवळच्या विहिरीत डोकवा. पाणी कधी तळाला जाते ते तिथल्या बायकांना विचारा. पुरुषांना ते नेमके ठाऊक नसते. किनाऱ्यालगत बोअरचा मोह नको. उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते.

छपराचे पाणी साठवता येईल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५० चौरस मीटरचे छप्पर धरले तर वर्षाला दीड लाख लिटर पडते. पाच माणसांना रोज २०० लिटर म्हटले तर कोरड्या आठ महिन्यांना ४८,००० लिटर लागते. तेव्हा टाकी ५० हजारांची हवी, आणि तिचा खर्च जमिनीच्या किमतीत आजच धरा. शिवाय यात गाय बसत नाही, आंब्याची नवी कलमेही नाहीत.

उताराचेही पाहा. २०२१ च्या जुलैत तळिये, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात दरडीखाली गेली. घरामागे कडा असेल, जमिनीला भेगा असतील, झाडे कललेली असतील, तर तिथे चूल मांडू नका. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकरांना विचारा. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सोलरच्या प्लेटा नुसत्या पत्र्यावर ठोकून भागत नाही.

सातबाऱ्यावर इतर हक्कांत काय लिहिले आहे, वहिवाटीचा रस्ता आहे का, हे तलाठ्याकडून पाहून घ्या.

जमीनमालक दसऱ्याला इसार मागतो आहे, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. मी म्हटले, वैशाखापर्यंत थांबत नसेल तर जाऊ द्या. बुवांना ते रुचले नाही. बाई मात्र त्या डोंगराखालच्या वाडीत उद्याच चौकशीला जाणार आहेत.