प्रकल्प तीन वर्षांचा, कासव तेरा वर्षांचं

एखाद्या धर्मादाय प्रतिष्ठानाने समुद्राच्या संवर्धनाचा कार्यक्रम हाती घ्यायचं ठरवलं, की विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : तीन वर्षांत दाखवता येईल असं काय होईल? प्रश्न प्रामाणिक असतो. दिलेल्या पैशाचा हिशेब मागायलाच हवा. पण रायगडच्या, रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर हा प्रश्न चुकीचा ठरतो, आणि तो बदलायला लावणं हे कार्यक्रमप्रमुखाचं पहिलं काम आहे.

हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालतात. त्यांच्या रक्षणाचं काम या भागात सुरू झालं ते बाणकोट खाडीच्या पलीकडे, वेळासला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते 2002 साली समुद्री गरुडाच्या शोधात तिथे गेले होते. त्यांना अंडी चोरून नेलेलं कासवाचं घरटं दिसलं आणि पुढे गावकऱ्यांच्या साथीने ते काम रायगडात पसरलं. एका घरट्यात शंभरेक अंडी, साधारण 45 ते 55 दिवसांनी पिल्लं बाहेर. समुद्रात सोडलेल्या पिल्लांचा आकडा अहवालात छान दिसतो. पण रिडलेची मादी वयात यायला सरासरी 13 वर्षं लागतात. म्हणजे 2002 साली समुद्रात शिरलेली मादी अंडी घालायला परतणार ती 2015 च्या आसपास. तोवर तीन वर्षांचे चार प्रकल्प उरकलेले असतात, आणि जी गोष्ट मोजायला हवी होती ती मोजणारं कोणी उरलेलं नसतं.

ओडिशात 2021 साली पट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव इकडेही घरटं करतं हे त्यातून कळलं. त्यासाठी पट्टी चार वर्षं टिकावी लागली, आणि त्या रात्री वाळूवर जागा असलेला माणूस लागला. असा माणूस बारा महिने, वर्षानुवर्षं नेमून ठेवणं ही दिसायला किरकोळ बाब. कोणत्याही उद्घाटनात तिचा फोटो निघत नाही.

आकड्यांचा आग्रह कांदळवनाच्या बाबतीत तर घातकच ठरतो. त्सुनामीनंतर श्रीलंकेत कांदळवनाची लागवड झाली. पुढे 23 जागा तपासल्या तेव्हा 9 जागी एकही रोप उरलेलं नव्हतं. भरतीचं पाणी किती चढतं, जमीन किती उंच आहे, हे न बघता रोपं रोवली गेली होती. रायगडात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. वन सर्वेक्षणाच्या 2015 आणि 2017 च्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन 222 वरून 304 चौरस किलोमीटरवर गेलं. ऐकायला बरं वाटतं. पण पेण-अलिबागच्या खारेपाटात बांध फुटतो, खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि तिथे कांदळ उगवतो. मग कायद्याने त्या झाडाला हात लावता येत नाही आणि शेतकऱ्याचं शेत जातं. खारेपाटातला शेतकरी साधा नाही. इथल्याच चरी गावचा शेतकऱ्यांचा संप 1933 पासून 1939 पर्यंत चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. अशा माणसांना वगळून नकाशावर हिरवा रंग वाढवणारा कार्यक्रम इथे रुजणार नाही, आणि रुजूही नये.

दुसरं म्हणणं याहून जोरात मांडलं जातं : समुद्र मच्छीमारांनीच ओरबाडला, तेव्हा त्यांना बाहेर ठेवा. मालवणला 1987 साली 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांनी विरोध केला आणि ते बरीच वर्षं कागदावरच राहिलं. शिवाय हा आरोप सरसकट खराही नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतरच दर्यात उतरायचं, हा कोळ्यांचा रिवाज सरकारच्या 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीहून जुना आहे. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणण्यासाठी रस्त्यावर उतरले ते पारंपरिक मच्छीमार. सरकारने नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीने पर्ससीन नौकांचे परवाने 494 वरून टप्प्याटप्प्याने 182 वर आणायला सांगितलं, आणि 5 फेब्रुवारी 2016 रोजी शासनाने आदेश काढला. मोठ्या यांत्रिक नौकेचा मालक आणि डोल जाळं मारणारा कोळी यांना एकाच तराजूत तोलणं हा अन्याय आहे.

मग हे सगळं सरकारनेच करावं, धर्मादाय पैसा कशाला, असंही विचारलं जातं. कायदा राबवणं सरकारचंच काम आहे, त्यात वाद नाही. पण अधिकारी बदलतात. रायगडातल्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीलाही वेसण आहे : 2021 च्या नियमांप्रमाणे ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा कायम ठेवनिधी आहे अशा प्रतिष्ठानाला ही अट नाही. वेळ हेच त्याचं खरं भांडवल. विक्रोळीचं कांदळवन गोदरेज कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने 1985 पासून सांभाळलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड पॅकार्ड यांनी 1987 साली काढलेल्या सागरी संशोधन संस्थेमागे त्यांचं प्रतिष्ठान आजही उभं आहे. गुजरातेत व्हेल शार्कची शिकार होत असे. वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी 2004 पासून मोहीम धरून ठेवली, मोरारी बापूंनी या माशाला माहेरवाशिणीची उपमा दिली, आणि ज्या मच्छीमारांनी तो मारला होता त्यांनीच जाळी कापून शेकडो मासे सोडले. कंपनीचा पैसाही मनात असेल तर वीस वर्षं टिकतो, हे त्यातून सिद्ध झालं.

प्राणी वाचवणाऱ्या मच्छीमाराचा तोटा भरून द्यायचा, हे तत्त्व महाराष्ट्राने डिसेंबर 2018 मध्ये मान्य केलं. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवासाठी जे केलं ते पापलेटाच्या पिल्लासाठी का करू नये? सप्टेंबर 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरला. आता अडचण डोल जाळ्याच्या शेवटच्या टोकाला, खोल्यात आहे. तिथला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक, म्हणून पापलेटाची पिल्लं अडकतात. आस मोठा केला तर पिल्लं निसटतील, पण जवळाही निसटेल, आणि कितीतरी घरांची चूल जवळ्यावर चालते. हा तोटा सोसायचा कोणी, हे आकाराचा नियम सांगत नाही. दहा वर्षं तो वाटून घ्यायची तयारी असलेलं प्रतिष्ठान रायगडला हवं आहे.

त्याच्या प्रमुखाने पहिल्या वर्षी एकही जाळं बदलू नये. थळ, वरसोली, बोर्ली, एकदरा, जीवना इथे उतरणाऱ्या मासळीची रोज नोंद ठेवावी. ती ठेवायला त्याच कोळीवाड्यातली शिकलेली मुलं-मुली पगारावर घ्यावीत. आणि जवळा सुकवून बाजारात नेणाऱ्या बायकांचा हिशेब वेगळ्या वहीत लिहावा, कारण बोटीचा तोटा नाखव्याच्या वहीत सापडतो, त्यांचा अजून कुठल्याच वहीत चढलेला नाही.