कुलूप कोणासाठी?

आपण माणूस आहोत, हे सिद्ध करण्याची पाळी हल्ली आपल्यावर वरचेवर येते. रेल्वेचे तिकीट काढा, नाहीतर सरकारी अर्ज भरा. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरे उभी राहतात आणि ती ओळखून लिहिल्याखेरीज पुढचे दार उघडत नाही. या परीक्षेला कॅप्चा म्हणतात. लुइस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे नाव रूढ केले. चोरट्या यंत्रांना अडवावे, माणसाला आत घ्यावे, हा हेतू चांगलाच. पण माणूस म्हणजे डोळस माणूस, असे का धरून चालावे?

अंध माणूस फोन वापरतो तो कानाने. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय फोनमध्येच असते. मात्र कॅप्चातली अक्षरे तिला सहज वाचता आली, तर ती चोराच्या यंत्रालाही वाचता येतील! म्हणून या दाराशी चोर आणि अंध गृहस्थ एकाच रांगेत तिष्ठत राहतात. काही ठिकाणी अक्षरे ऐकवतात. पण यंत्राला कळू नयेत म्हणून त्यांत इतका गोंगाट मिसळतात, की माणसाचेही कान हात टेकतात.

पुढची पायरी केवायसीची. कॅमेऱ्यापुढे चेहरा नेमका चौकटीत धरा, डोळे मिचकावा! अमर जैन या अंध वकिलांनी आणि अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांनी याविरुद्ध दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही वाट सर्वांना मोकळी असणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्गही ठेवा.

कोणी म्हणेल, घरात कोणाला तरी विचारावे, त्यात काय एवढे? त्यातच तर सारे आहे. ओटीपी कोणाला सांगू नका, असे बँक रोज बजावते. आणि अशी कुलपे अंध खातेदाराला फोन शेजाऱ्याच्या हाती द्यायला लावतात. सावधगिरीची सूचनाही पुष्कळदा नुसते चित्र होऊन येते. मग भामट्याचा गोड आवाज तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो, इशारा वाटेतच राहतो.

तेव्हा वाचकहो, असा इशारा कुटुंबाच्या गटावर पाठवाल, तेव्हा चित्राखाली दोन ओळी मजकूर जरूर लिहा. आणि बँकेत गेलात, तर साहेबांना एवढेच विचारा: “तुमचे हे कुलूप डोळे मिटून उघडता येते का हो?”