घरची गोळी, गर्भवती आणि बाळ

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. त्यात आजीची गुडघेदुखीची पट्टी, कुणाच्या दाढदुखीतून उरलेल्या दोन गोळ्या, बाम आणि थोरल्या मुलाचे तापाचे सिरप असते. सुनेला सातवा महिना लागतो, कंबर धरते. 'माझी गोळी घे, अर्ध्या तासात बरं वाटेल,' सासूबाई म्हणतात. त्यांची माया खरी असते, पण गोळी चुकीची असू शकते.

वेदनाशामक गोळ्या सारख्याच दिसल्या, तरी त्यांतले औषध वेगवेगळे असते. गर्भवतीसाठी साधारणपणे पहिली पसंती असते ती पॅरासिटामॉलला. अंगात जास्त ताप राहणे गर्भालाही घातक असते. त्यामुळे गरज असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवस ते घेण्यास हरकत नसते. या गोळीमुळे मुलांना स्वमग्नता येते, अशी चर्चा २०२५ साली अमेरिकेतून पसरली. मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध आढळला नव्हता.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नायमेसुलाइड यांची गोष्ट निराळी आहे. गर्भातले बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. हृदयाजवळची एक छोटी रक्तवाहिनी बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून पुढे नेते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. या औषधांमुळे ती गर्भातच आकसू शकते. शिवाय बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकते. म्हणूनच विसाव्या आठवड्यापासून ही औषधे टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. त्याआधीच्या महिन्यांतही ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. नकळत एखादी गोळी घेतली गेली तर घाबरू नये, पण डॉक्टरांना जरूर सांगावे.

अ‍ॅस्पिरिनही मनाने घेऊ नये. मात्र रक्तदाबाचा धोका असलेल्या काही गर्भवतींना डॉक्टर ते अगदी कमी मात्रेत मुद्दाम देतात. ते परस्पर बंदही करू नये.

पट्टीवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी. अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेले असते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पाचव्या महिन्यानंतर डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, तर गोळी घेऊन झोपू नये. ही वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाळंतिणीला दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चालते. दुधातून त्यांचा अगदी थोडा अंश बाळाला जातो. कोडीन असलेली औषधे मात्र अंगावर पाजणाऱ्या आईने टाळावीत. त्यांनी बाळाचा श्वास मंदावू शकतो.

आता बाळाविषयी. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर घरचे औषध देऊन वाट पाहू नये. एवढ्या लहान जिवाचा ताप गंभीर जंतुसंसर्गाचा असू शकतो. त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. लस टोचल्यावर औषध दिले असेल, तर ते सांगितलेल्या मापानेच द्यावे.

हे माप फार महत्त्वाचे असते. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे २५. सिरपच्या मापाने थेंबांचे औषध दिले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, थोरल्या भावाच्या चमच्यावर नाही.

अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ आजार होऊ शकतो. नायमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. तान्ह्याच्या नाकाला किंवा छातीला कापूर असलेला बामही चोळू नये.

घरात गर्भवती किंवा तान्हे असेल, तर औषधांचा डबा एकदा नीट पाहावा. आजीच्या गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि बाळाच्या बाटलीवर डॉक्टरांनी सांगितलेले माप चिठ्ठीवर लिहून चिकटवावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण रात्री दोन वाजता बाळ रडू लागले की तेच उपयोगी पडते.