आजी, आजोबा आणि उसातला अंधार

दौंड जंक्शनवर पूर्वी गाडी बराच वेळ थांबे. पुण्याहून मनमाडकडे जायचे, तर दौंडला गाडीची दिशा बदले. एका टोकाचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि तोवर प्रवाशाला फलाटावर करण्यासारखे काही नसे. चहा पिऊन होई, वडा खाऊन होई, मग पावले आपोआप पुस्तकांच्या स्टॉलकडे वळत. माझे वाचन तिथे सुरू झाले. पाठ्यपुस्तकांतल्या थोर लेखकांशी माझी ओळख शाळेने करून दिली. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आणि नारायण धारप यांच्याशी मात्र इंजिनाच्या फेऱ्याने. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या इंजिन न फिरवताच पुढे जातात. प्रवासाचा वेळ वाचला. त्या वाचलेल्या वेळात लोक काय वाचतात, हे सांगायला नकोच. हातातला मोबाइल सांगतोच आहे.

मी स्वतः रहस्य आणि भय या दोन प्रांतांत लिहिणारा माणूस. राहतो शिरूरला, म्हणजे जुनी माणसे ज्याला अजून घोडनदी म्हणतात तिथे. माझ्या पुस्तकांची मुखपृष्ठे पाहून पाहुणे ती उलटी ठेवतात. एकदा एका समारंभात वक्त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी: ‘हे लेखक आहेतच, पण साहित्यिक होण्याची त्यांची क्षमता आहे.’ टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. तक्रार म्हणून मी हे सांगत नाही. मराठीत हा शिरस्ता जुना आहे. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पण वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला आल्या त्या चार ओळी. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. ते २००३ साली गेले, चित्रपट २०१३ साली आला आणि मग कुठे अनेकांना या लेखकाविषयी आदराने बोलावेसे वाटले. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली असे आपण म्हणतो, ते खरेही आहे. परंतु त्यांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो आत्मचरित्रासाठी.

असो. हे रडगाणे माझ्या व्यवसायबंधूंना फार प्रिय आहे आणि मला त्याचा कंटाळा आला आहे. समीक्षक आपल्याला विचारत नाहीत, हा प्रश्न नाही. आपण स्वतःला काय विचारतो, हा आहे.

उदाहरणार्थ धारप. त्यांच्यावर माझे निस्सीम प्रेम आहे. वाड्याच्या माडीवरचा अंधार मराठीत त्यांच्याइतका दाट कुणी केला नाही. पण त्यांची ‘आजी’ ही गाजलेली कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून सुचलेली आहे, हेही तितकेच खरे. आमच्या पिढीला ते ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तेव्हा मला फसवले गेल्यासारखे वाटले, आणि पुढे त्या वाटण्याचीही लाज वाटली. कारण कथा परक्या मुलखातून आली तरी खाटेवरची ती म्हातारी आमच्या घरातली झाली होती. पुढे याच कथेचे बोट धरून राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ केला. २०१८ साली तो आला तेव्हा त्याची दखल बेताचीच घेतली गेली. २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला करून गेला. त्यातला पाऊस, वाडा, सावकारी हाव, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कोकण यांतले किंगचे काय उरले? जवळजवळ काहीच नाही. उसने बी आपल्या मातीत असे रुजले की फळाची चव बदलली.

म्हणजे उसनवारी हा दोष नव्हे. उसने आणून ते जसेच्या तसे कुंडीत ठेवणे हा दोष. आमच्या पुष्कळ भयकथांतले वाडे कुठलेच नसतात. त्यांच्या आसपास पीक कोणते, पाणी कुठून येते, रात्री वीज असते की नसते, याचा पत्ता नसतो. वाचक घाबरतो तो अनोळखी अंधाराला, असे आम्ही मानतो. मला आता उलट वाटते. माणूस खरा घाबरतो तो ओळखीच्या अंधाराला.

हे मला माझ्याच तालुक्यातल्या एका लेखकाने फार पूर्वी सांगायला हवे होते, पण मी ऐकले नाही. बी. के. मोमीन कवठेकर हे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी वग, लावण्या, गाणी लिहिली. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ साली ते गेले. ‘इष्काने घेतला बळी’, ‘सुशीला, मला माफ कर’ ही त्यांच्या वगांची नावे. ही नावे वाचून हसणाऱ्यांना मी सांगतो की, कापडी तंबूत हजार-दोन हजार माणसे पहाटेपर्यंत खिळवून ठेवणे म्हणजे काय, हे एकदा करून पाहा. समोरचा प्रेक्षक दिवसभर शेतात राबून आलेला आहे, तिकीट काढून बसलेला आहे आणि कंटाळला तर उठून जाणार आहे. तिथे लेखकाला आपल्या माणसांचे व्यवहार, भांडणे, लाज, कर्ज सगळे माहीत असावेच लागते. मोमीनांनी त्याच मंचावर हुंडा, व्यसन, निरक्षरता हे विषयही आणले. आम्ही रहस्यकथावाले मात्र नायकाच्या हातात पिस्तूल देऊन त्याला मुंबईच्या रस्त्यांवर सोडून मोकळे झालो.

आता मूळ विषयाकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहायला घेतली. शिरूरच्या बागायती पट्ट्यातले गाव, उसाचे फड, रात्री दिसणारा एक बिबट्या. चौथ्या प्रकरणात वाचकाला कळणार होते की हा बिबट्या नाहीच. जमिनीच्या वादात मारल्या गेलेल्या कुणाचा तरी आत्मा आहे. कल्पना मला फार आवडली होती. सव्वाशे पाने झाली. मग २०२५चा ऑक्टोबर उजाडला.

पिंपरखेड-जांबूत परिसर हा शिरूर तालुक्याचा वायव्य कोपरा, कवठे येमाईच्या शेजारचा. तिथे सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुले होती, एक वृद्धा. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्याच दिवसांत एक छायाचित्र देशभर फिरले: शेतात कामाला निघालेल्या माणसांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतो, तसे. मी आयुष्यभर भयकथा लिहीत आलो. हे दृश्य मला सुचले नसते, आणि सुचले असते तर अतिरंजित म्हणून मीच खोडले असते.

पाठोपाठ दुसरा खेळ सुरू झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची चित्रे आणि चित्रफिती मोबाइलवरून फिरू लागल्या. कुणाच्या अंगणात बिबट्या, कुणाच्या जिन्यावर बिबट्या. वनखात्याला खुलासे करावे लागले. पाहणाऱ्यांना क्षणभर थरार मिळाला. ज्यांना खरोखरच रात्री पाणी द्यायला जायचे होते, त्यांना खरे कुठले आणि खोटे कुठले हे कळेनासे झाले. त्या रात्री मी माझी सव्वाशे पाने पुन्हा वाचली. माझ्यात आणि त्या चित्रफिती बनवणाऱ्यात फरक कोणता, असा प्रश्न मला पडला. वस्तीवरच्या एका मावशींनी तो अधिक सोप्या शब्दांत विचारला. त्यांच्या नातवाकडून त्यांना माझ्या कादंबरीविषयी कळले होते. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, भुताला उतारा टाकता येतो हो. ह्याला काय टाकायचं?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण कादंबरीत चुकले काय, ते त्यातून दिसले. मी बिबट्याचे भूत केले होते आणि भुताची सोय अशी असते की ते कुणाचेच नसते. खरा बिबट्या मात्र पुष्कळांचा आहे. कुकडी आणि डिंभ्याच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखात पाणी आणले, पाण्यामागे ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. त्यात दाट आडोसा असतो, जवळच कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याच्या माद्या तिथेच वितात. आज या भागातल्या कित्येक बिबट्यांनी डोंगरातले जंगल पाहिलेलेच नाही. ऊस हेच त्यांचे जंगल. आणि शेतीपंपाची वीज जर रात्रपाळीची असेल, तर शेतकऱ्याला नेमके बिबट्याच्या वेळेला त्याच्या घरात जावे लागते. दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच बिबट्याच्या प्रश्नातली मोठी मागणी आहे. कालवा, ऊस, विजेचे वेळापत्रक. यातले काहीही दुष्ट नाही. प्रत्येकाने कुणाचे तरी भले केले आहे. तरीही तीन जीव गेले. यापेक्षा भयंकर कथानक मला माहीत नाही.

सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ हा २०१४ चा चित्रपट इथे आठवतो. टाकळी ढोकेश्वर हे आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातले गाव. तिथल्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले आणि तो चालत चालत मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातली ही खरी हकिकत. वन्यजीव आणि माणूस शेजारी कसे राहतात याचा विचार त्या चित्रपटाने पडद्यावर आणला, याबद्दल मला आदर आहे. पण शिरूरमध्ये तो चित्रपट आज दाखवला, तर प्रेक्षकांतून काय ऐकू येईल याची मी कल्पना करू शकतो. ज्याच्या गळ्यातला पट्टा उपग्रहाशी बोलतो तो बिबट्या, आणि ज्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला खिळे आहेत तो माणूस! शहराने बिबट्याला आजोबा म्हणावे आणि गावाने त्याला नावच ठेवू नये, यात दोघेही खोटे नाहीत. त्या दोघांना एका गोष्टीत बसवणारा लेखक अजून आलेला नाही, इतकेच.

त्या लेखकाला मदत करील अशी एक घटना दौंड तालुक्यात घडून गेली आहे. २०२४च्या डिसेंबरात तिथल्या एका गावी उसाजवळ एका महिलेचा मृतदेह सापडला. बिबट्याने मारले, असे सर्वांनी गृहीत धरले. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात बिबट्याचा मागमूस मिळाला नाही आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवून संशयितांना अटक केली. निवाडा न्यायालयाने करायचा. मी त्यावर बोलणार नाही. पण वाचताना मला १९०२ सालचे ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ आठवले. तिथेही माळरानावरचे श्वापद सर्वांना भिवविते, शापाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि एक माणूस त्या भीतीच्या आडोशाने आपला डाव साधतो. होम्स त्या श्वापदाला भीत नाही असे नाही. तो फक्त एक प्रश्न विचारतो: या भीतीचा उपयोग कुणाला होतो?

माझ्या मते आपल्या तथाकथित हलक्या साहित्याची खरी पुंजी हा प्रश्न आहे. अर्नाळकरांच्या चार आण्याच्या कथेतही तो असे. गूढ दिसते त्यामागे कारण असते, ते शोधता येते आणि शोधणे हे आपले काम आहे, हा संस्कार दौंडच्या फलाटावरून माझ्यापर्यंत पोहोचला. भयकथेने वाचकाला अंधारात न्यावे, हे ठीकच. पण तिथे त्याचा हात सोडून पळून जाऊ नये. मनोरंजन करणे हे लाजिरवाणे नाही. शेजाऱ्याच्या खऱ्या भीतीवर खोटी भीती रचून तिचे मनोरंजन करणे लाजिरवाणे आहे, आणि ते मी सव्वाशे पाने करत होतो.

कादंबरी मी टाकून दिलेली नाही. आत्मा मात्र काढून टाकला. आता पहिल्या प्रकरणात रात्रीचा एक वाजतो, वीज येते, पंप चालू करायला एक बाई बॅटरी घेऊन निघते. तिच्या गळ्यात पट्टा आहे. पुढे काय होते ते मला अजून ठाऊक नाही. मावशींना मात्र पहिले प्रकरण वाचून दाखवले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘तिला एकटीला नको पाठवू. कुणीतरी बरोबर दे.’

समीक्षेचे बरेच ग्रंथ मी वाचले आहेत. इतकी नेमकी सूचना मला कुणी केली नव्हती. दुसऱ्या मसुद्यात तिच्याबरोबर तिची जाऊ आहे.